वाचकांचे प्रश्न : महायुद्धोत्तर ब्रिटनचा इतिहास वाचताना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनविषयी वाचू लागलेल्या अनेक वाचकांची पत्रे गेल्या दोन महिन्यांत आली. काहींना आरंभ कोठून करावा हेच सुचत नाही, तर काहींनी दोन-तीन पुस्तके वाचली असून ती एकमेकांशी जुळत नसल्याने ते गोंधळले आहेत. त्यांतील काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. युद्धापर्यंतचा इतिहास मी बराच वाचला, पण १९४५ नंतरचा ब्रिटन वाचायला बसले की पंतप्रधानांची नावे आणि निवडणुकांच्या तारखा यांपलीकडे हाती काही लागत नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपली अडचण खरी आहे, आणि तिचा दोष आपल्या वाचनाकडे नसून धावता आढावा घेणाऱ्या पुस्तकांच्या मांडणीकडे आहे. ही पुस्तके ५ जुलै १९४५ च्या मतदानापासून सुरू होतात. परदेशांत पसरलेल्या सैनिकांची मते येईपर्यंत मोजणी तीन आठवडे थांबली आणि २६ जुलैला कळले की युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले असून क्लेमेंट ॲटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आहेत. प्रसंग नाट्यमय आहेच; पण तो संपला की पुस्तक घाईने कायद्यांच्या यादीकडे वळते आणि वाचकाच्या हातून धागा सुटतो. माझी सूचना अशी की पंतप्रधानांना काही दिवस बाजूला ठेवावे आणि शिधापुस्तिकेपासून सुरुवात करावी.

प्रौढांची पुस्तिका फिकट पिवळसर असे, शाळकरी मुलांची निळी, आणि गरोदर स्त्रियांची व पाच वर्षांखालील मुलांची हिरवी. प्रत्येक कुटुंबाने आपले नाव ठरावीक दुकानदाराकडे नोंदवायचे आणि त्याने दर खरेदीला कूपन कापून घ्यायचे किंवा त्यावर खूण करायची, असा शिरस्ता होता. हिरव्या पुस्तिकेवर फळे निवडण्याचा पहिला मान, रोज एक पिंट दूध आणि अंड्यांचा दुप्पट वाटा मिळत असे. समाजातील दुबळ्यांना आधी, हे तत्त्व त्या पिढीने मंत्र्यांच्या भाषणांतून ऐकण्याआधी दुकानाच्या फळीवर पाहिले होते, ही गोष्ट मला पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी फार मोलाची वाटते.

जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेले हे रेशन युद्ध संपल्यावर सैल होण्याऐवजी आवळले गेले. जो पाव युद्धाच्या सहा वर्षांत कधी रेशनवर नव्हता, तो जगभरच्या गहूटंचाईमुळे २१ जुलै १९४६ पासून रेशनवर आला आणि दोन वर्षे तसाच राहिला. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कोळसा खाणींच्या तोंडाशी अडकून पडला, कारखाने बंद पडले, आणि गोठून नासलेल्या बटाट्यांमुळे पुढे बटाट्यांच्या वाटपावरही नियंत्रण आणावे लागले. चहा ऑक्टोबर १९५२ मध्ये मोकळा झाला, साखर सप्टेंबर १९५३ मध्ये, आणि मांसावरचे निर्बंध उठून सगळे रेशन संपले ते ४ जुलै १९५४ रोजी. ही साडेचौदा वर्षे डोळ्यांपुढे असली म्हणजे १९५१ ची निवडणूक आपोआप उलगडते. मजूर पक्षाला त्या वर्षी हुजूर पक्षापेक्षा सुमारे सव्वादोन लाख मते अधिक पडली, तरी जागा २९५ विरुद्ध ३२१ अशा कमी मिळाल्या. मजूर पक्षाने आणलेल्या लोककल्याणाच्या नव्या व्यवस्थेवर लोक रुष्ट नव्हते; रांगांना मात्र ते कंटाळले होते.

यासाठी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या १९३७ साली स्थापन झालेल्या संस्थेसाठी सामान्य नागरिकांनी लिहिलेल्या रोजनिशा अवश्य वाचाव्यात. त्यांचा संग्रह ससेक्स विद्यापीठाच्या ताब्यात असून निवडक भाग ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी काय होणार हे ठाऊक नसते, ही रोजनिशीची थोरवी आहे. आधी असे कागद वाचावेत आणि निष्कर्षांकडे नंतर वळावे, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : युद्धानंतर ब्रिटनचे दिवाळे निघाले होते असे प्रत्येक पुस्तक सांगते, आणि त्याच पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात सर्वांसाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू होते. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याने हे केले कसे?

उत्तर : या काळाविषयी विचारता येईल असा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दिवाळे म्हणजे काय हे आधी पाहू. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करताच अमेरिकेने ‘लेंड-लीज’ ही उधारीची व्यवस्था एकाएकी थांबवली. निर्यात युद्धामुळे पार आटलेली होती, परदेशांतील गुंतवणुकी विकून झाल्या होत्या, आणि ज्या देशांकडून युद्धासाठी माल उचलला होता त्यांची देणी साचली होती. एकट्या भारताचेच सुमारे १३० कोटी पौंड ब्रिटन देणे लागत होता. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स ब्रिटनच्या वतीने वॉशिंग्टनला गेले आणि डिसेंबरमध्ये ३७५ कोटी डॉलरचे कर्ज दोन टक्के व्याजाने ठरले. त्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या डिसेंबर अखेरीस फेडला गेला. या कर्जाला एक जाचक अट होती, ती म्हणजे पौंडाच्या बदल्यात मागेल त्याला डॉलर देण्याची. १५ जुलै १९४७ ला ती अमलात आली, डॉलरची गंगाजळी वेगाने आटू लागली, आणि पाच आठवड्यांत सरकारला ती स्थगित करावी लागली. दोन वर्षांनी पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला गेला.

टंचाई होती ती डॉलरची, हे यात ध्यानात घ्यावे. तंबाखू, गहू, यंत्रे आणि चित्रपट यांना डॉलर मोजावे लागत. लँकेशायरमधील परिचारिकेचा पगार पौंडात होत असे. रुग्णालयांच्या इमारती जागेवर होत्या, डॉक्टर होते, आणि युद्धात जखमींसाठी उभारलेल्या आणीबाणीच्या रुग्णालय व्यवस्थेमुळे ती सर्व सरकारी सूत्रात ओवण्याचा सरावही झालेला होता. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनी प्रामुख्याने मालकी आणि हिशेब बदलला. इंग्लंड-वेल्समधील सुमारे २,७०० रुग्णालये धर्मादाय मंडळांकडून आणि नगरपालिकांकडून राज्याकडे आली. नवी रुग्णालये मात्र पहिल्या दहा-बारा वर्षांत जवळजवळ बांधलीच गेली नाहीत; त्यांचा मोठा आराखडा १९६२ साली निघाला. जुन्या भिंतींत नवी व्यवस्था बसवली गेली, म्हणून ती त्या दिवसांत परवडली.

डॉक्टरांचा विरोध तीव्र होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात दहांतील जवळजवळ नऊ जणांनी योजना नाकारली होती. बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली, गल्लीतल्या डॉक्टरांना पगारी नोकर न करण्याचे वचन दिले, आणि ठरलेल्या दिवशी दारे उघडली. मग आजवर दाबून ठेवलेली गरज बाहेर आली. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. तोवर दुकानातल्या परडीतून स्वस्तातला एखादा चष्मा चाचपून घेणाऱ्या म्हाताऱ्यांना प्रथमच स्वतःच्या नंबरचा चष्मा मिळाला. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्या माणसांनी नव्याने वाचलेली वर्तमानपत्रे दिसतात.

अमेरिकी कर्ज लोककल्याणावर उधळले, असा आरोप काही लेखक करतात. मला तो पटत नाही. परदेशांत ठेवलेल्या फौजांचा खर्च, जानेवारी १९४७ मध्ये गुप्तपणे घेतलेला अणुबॉम्बचा निर्णय आणि १९५० नंतर कोरियन युद्धामुळे वाढलेली शस्त्रसज्जता हे सारे त्याच हिशेबात मांडले पाहिजे. या शस्त्रखर्चासाठीच अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी १९५१ च्या अर्थसंकल्पात कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसवला, आणि बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले.

प्रश्न : जुन्या आकड्यांतले पौंड, शिलिंग आणि पेन्स मला समजत नाहीत. ‘एका पौंडात दहा शिलिंग कर’ म्हणजे किती?

उत्तर : म्हणजे निम्मा. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होत असे. पौंडात एकूण २४० पेन्स. त्या दिवसापासून पौंडाचे १०० नवे पेन्स झाले आणि जुना शिलिंग पाच नव्या पेन्सांच्या बरोबरीचा ठरला. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत प्राप्तिकराचा प्रमाण दर पौंडात दहा शिलिंग होता. वाचताना पौंडापुढचा आकडा आजच्या भावात बदलत बसण्यापेक्षा त्या वर्षीच्या मजुरीशी किंवा घरभाड्याशी ताडून पाहावा, म्हणजे त्याचे खरे वजन कळते.

प्रश्न : माझ्याकडील एक पुस्तक १९४५ ते १९७९ हा दोन्ही पक्षांच्या सहमतीचा सुवर्णकाळ मानते. दुसरे त्याच काळाला सतत घसरणीचा काळ म्हणते. खरे कोणते?

उत्तर : दोन्ही पुस्तकांच्या छापील वर्षाकडे आधी पाहावे. १९७० च्या दशकात महागाई, संप आणि १९७६ चे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज यांच्या सावलीत लिहिणाऱ्याला घसरणीचे मूळ शोधायचे होते, म्हणून तो १९४५ कडे संशयाने पाहतो. मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीत व्यथित होऊन लिहिणाऱ्याला तोच काळ हरवलेल्या घरासारखा वाटतो. घसरण म्हणायची तर ती तुलनेने होती: पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स अधिक वेगाने वाढत होते. पण १९५० च्या दशकातील ब्रिटिश कामगाराला काम मिळत होते आणि वेतन वाढत होते, आणि त्याच्या दृष्टीने हा पडता काळ मुळीच नव्हता.

‘सहमती’ हा शब्दही जपून घ्यावा. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९५४ साली हुजूर पक्षाचे बटलर आणि मजूर पक्षाचे गेट्सकेल यांची नावे जोडून ‘बट्सकेलिझम’ हा शब्द रूढ केला, कारण दोघांची अर्थनीती सारखी दिसत होती. आरोग्य सेवा हुजूर पक्षाने मोडली नाही, हे खरेच आहे. पण पोलाद उद्योगाचे मजूर पक्षाने राष्ट्रीयीकरण केले, १९५३ च्या कायद्याने हुजूर पक्षाने ते उलटवले आणि १९६७ मध्ये मजूर पक्षाने पुन्हा केले. इतकी ओढाताण असलेल्या काळाला सहमतीचा काळ म्हणताना कशाविषयीची सहमती, हे लेखकाने सांगितले पाहिजे.

छापील वर्ष पाहण्याचे आणखी एक कारण आहे. १९५८ च्या कायद्याने सरकारी कागद पन्नास वर्षांनी खुले होत; १९६७ मध्ये ती मुदत तीस वर्षांवर आली, आणि २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने वीसवर आणण्यात आली. त्यामुळे इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून १९५६ मध्ये घडलेल्या प्रकरणावरील मंत्रिमंडळाची कागदपत्रे १९८७ च्या जानेवारीत खुली झाली. त्याआधीच्या लेखकाला आठवणी आणि वर्तमानपत्रे यांवर भिस्त ठेवावी लागली. याच प्रकरणात आणखी शिकण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या प्रतिनिधींनी इजिप्तवरील हल्ल्याचा बेत लेखी ठरवला. पंतप्रधान अँथनी ईडन यांनी ब्रिटनकडील प्रत नष्ट करवली, आणि २० डिसेंबरला संसदेत सांगितले की इस्रायल हल्ला करणार याची पूर्वकल्पना नव्हती. इस्रायलकडील प्रत मात्र टिकली. संसदेचे कामकाज शब्दशः नोंदवणारे ‘हॅन्सार्ड’ आता कोणालाही वाचता येते. त्यात ईडन यांचे ते उत्तर वाचावे आणि शेजारी सेव्रचा करार ठेवावा.

प्रश्न : १९४८ साली ब्रिटनने कॅरिबियन बेटांवरील लोकांना कामासाठी आमंत्रण दिले, असे मी वाचले. सरकारला ते नकोच होते, असेही वाचले. या दोन्हींचा मेळ कसा घालावा?

उत्तर : हा मेळ तारखांनी बसतो. ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज जून १९४८ मध्ये टिलबरी बंदराला लागले आणि २२ तारखेला प्रवासी उतरले. त्यांना सरकारने बोलावले नव्हते. जहाजात जागा रिकामी होती, जमैकाच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली, आणि सर्वांत खालच्या दर्जाचे २८ पौंड १० शिलिंग भाडे ज्यांना जमवता आले ते निघाले. वसाहतींतील रहिवासी म्हणून ते आधीपासूनच ब्रिटिश प्रजाजन होते, त्यामुळे त्यांना अडवता येत नव्हते. ज्या राष्ट्रीयत्व कायद्याने त्यांना प्रवेश मिळाला असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते, तो कायदा संमत झाला जुलैअखेर आणि अमलात आला १ जानेवारी १९४९ ला. प्रवासी उतरले त्याच दिवशी मजूर पक्षाच्या अकरा खासदारांनी ॲटली यांना पत्र लिहून अशा आगमनाविषयी चिंता व्यक्त केली होती. हेच सरकार त्या वर्षांत युरोपातील निर्वासितांना कामगार म्हणून स्वतः शोधून आणत होते, हे शेजारी ठेवले म्हणजे चिंतेचे स्वरूप कळते. भरती नंतर झाली: लंडनच्या वाहतूक मंडळाने १९५६ पासून बार्बाडोसमध्ये जाऊन माणसे निवडली.

वृत्तपत्रांनी त्या जहाजावरील कॅरिबियन प्रवाशांचा आकडा ४९२ दिला आणि तो पुस्तकांतून फिरत राहिला. जहाजाची प्रवासी-यादी उपलब्ध आहे. तीत एकूण एक हजारांहून अधिक प्रवासी असून आठशेंवर लोकांनी आपले आधीचे वास्तव्य कॅरिबियनमध्ये लिहिले आहे. राहायला जागा नसलेल्या दोनशेंहून अधिक जणांना दक्षिण लंडनमधील क्लॅफम साउथ येथील युद्धकाळच्या खोल भुयारी निवाऱ्यात ठेवले गेले. त्यांना सर्वांत जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होते, आणि पुढे ब्रिक्स्टन ही त्यांची वस्ती झाली ती मुख्यतः या शेजारामुळे. १९६२ च्या स्थलांतरविषयक कायद्याने अशा आगमनाचे दार अरुंद केले. २०१८ मध्ये उघड झाले की यांच्याच पिढीतील, कायदेशीरपणे आयुष्य काढलेल्या वृद्धांकडे कागद मागून त्यांना परके ठरवले जात होते. ज्यांचा आधार झाला असता त्या आगमनाच्या नोंदी गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केल्या होत्या. हा अन्याय वाचताना आजही संताप येतो.

प्रश्न : ‘संकट? कसले संकट?’ हे उद्गार पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी काढले का?

उत्तर : नाही. जानेवारी १९७९ मध्ये संपांच्या ऐन भरात ते ग्वादलूपच्या परिषदेहून परतले आणि विमानतळावर म्हणाले की, देशात अनागोंदी वाढते आहे हे मत जगातील इतर लोकांना पटेल असे मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ‘द सन’ या वृत्तपत्राने ‘संकट? कसले संकट?’ हा मथळा छापला. मार्चमध्ये त्यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले.

प्रश्न : माझे वडील आयुष्यभर कामगार चळवळीत होते. कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचे ते फार कौतुक करीत. पुस्तकांत मला कायद्याची तारीख तेवढी सापडते. खाणकामगारांचे पुढे काय झाले?

उत्तर : १ जानेवारी १९४७ रोजी सकाळी ब्रिटनभरच्या खाणींच्या दाराशी फलक लागले: ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवत आहे. खाणमालकांच्या हाताखाली दोन पिढ्या झिजलेल्या माणसांनी तो फलक साश्रू नयनांनी वाचला, आणि आपल्या वडिलांचे कौतुक त्याच भावनेचे आहे. ते खोटे नव्हते.

पण त्याच्याबरोबर दक्षिण वेल्समधील ॲबरफॅनही वाचले पाहिजे. त्या गावाच्या वर, डोंगरउतारावर खाणीतील टाकाऊ दगडमातीचे ढिगारे रचलेले होते. सातव्या क्रमांकाचा ढिगारा झऱ्याच्या पाण्यावर उभा होता. गावकऱ्यांनी धोक्याच्या लेखी तक्रारी केल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, सहामाहीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, मुले नुकतीच वर्गांत बसली असताना तो ढिगारा खाली आला आणि पँटग्लास प्राथमिक शाळा गाडली गेली. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले होती. खाणीतली पाळी सोडून धावत आलेले बाप हातांनी चिखल उपसत होते. मृत्यूचे कारण नोंदवण्याच्या चौकशीत अधिकाऱ्याने गुदमरणे आणि जखमा असे वाचून दाखवले, तेव्हा एक बाप उठून म्हणाला की माझ्या मुलाला राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत पुरले, असे लिहा.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये दोष निःसंदिग्धपणे मंडळावर ठेवला. एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही, आणि अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स पदावर राहिले. उरलेले ढिगारे हलवावेत म्हणून गावकरी झगडले. सरकारने ते हलवले, पण खर्चासाठी लोकांनी पीडितांकरिता जमवलेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेतले. मालकी जनतेची झाली तरी ढिगाऱ्याखाली राहणाऱ्याचे ऐकण्याचे बंधन कोणावर, हे त्या १९४७ च्या फलकावर कोठेच लिहिलेले नव्हते, आणि ही उणीव मजूर पक्षाच्याच सरकारच्या काळात त्या गावाला भोवली. ते पैसे १९९७ साली निधीला परत मिळाले, तेही व्याजाशिवाय, तितकेच १,५०,००० पौंड. वेल्सच्या सरकारने २००७ मध्ये आणखी वीस लाख पौंड दिले, तेव्हा त्या मुलांच्या आईबापांपैकी अनेक जण हयात नव्हते.